पावसाच्या आत कॉन्टेसा

हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या कॉन्टेसाला मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची अमेरिकन धाटणीची गाडी म्हटलं की अमेरिकन गाड्या कोळून प्यालेला माणूस मिशीतल्या मिशीत हसतो. हसू दे. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं, ३२५ अश्वशक्तीचं. आपल्या सुरुवातीच्या कॉन्टेसात ॲम्बॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. पण लांबलचक बॉनेट, रुंद सपाट नाक, मागच्या चाकांना जाणारी ताकद आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी मागची सीट, हे सगळं तिच्यात आहे. खरी अमेरिकन गाडी बाहेरून आणायची तर आयातशुल्क आणि जहाजभाड्यातच आपला खिसा रिकामा. मुंबईत राहून, पगारातून पैसे बाजूला काढत जुनी, मोठी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी उभी करायची असेल तर कॉन्टेसा घ्या, असं मी एक गाडी वाया घालवून आणि दुसरी उभी करून सांगतोय.

वाया गेली ती कशी, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. उत्साहात पहिली गाडी एका गॅरेजात नेली आणि मिस्त्रीने चार दिवसांत ती पूर्ण खोलली. इंजिन खाली, दरवाजे भिंतीला, सीट पोटमाळ्यावर, बोल्ट तीन डब्यांत एकत्र. मग माझे पैसे संपले. आठ महिन्यांनी गॅरेजवाल्याला गाळा सोडावा लागला, सामान टेम्पोतून दुसरीकडे गेलं, आणि पोचलं तेव्हा त्यात स्टीअरिंग कॉलमचं कव्हर नव्हतं, दोन काचा नव्हत्या, ग्रिलही नव्हती. शेवटी ती किलोवर गेली.

तेव्हा नियम एकच: गाडी कधीही पूर्ण खोलायची नाही. एका वेळी एकच काम उघडायचं, ते बंद झालं की पुढचं. कुठल्याही महिन्यात पैसे संपले तरी गाडी स्वतःच्या चाकांवर जागेवरून हलली पाहिजे. परदेशातले लोक गाडी नागडी करून सुरुवात करतात. त्यांच्याकडे घरामागे गॅरेज असतं. आपल्याकडे सोसायटीत एक पार्किंग असतं, आणि तेही सेक्रेटरीच्या मर्जीवर.

कुठली घ्यायची

हिंदुस्तान मोटर्सने कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ ते २००२ या काळात कॉन्टेसा बनवली. बॉडी मुळात ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची, म्हणजे सत्तरच्या दशकातली. पुढे इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तीच ‘क्लासिक’. नंतर दोन लिटरची डिझेलही आली. नवख्याने १.८ पेट्रोल शोधावी. गाडीच्या वजनाला शोभेल असा दम त्याच इंजिनात आहे. शिवाय हेच इसुझू इंजिन ॲम्बॅसेडरच्या १८०० मध्येही बसवलेलं होतं आणि ॲम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिनचं सामान थोडं फिरलं की मिळतं.

मिळत नाही ते वरवरचं दिसणारं सामान: मागचे दिवे, ग्रिल, बंपरचे कोपरे, दरवाजांच्या पट्ट्या, काचा, डॅशबोर्डची बटणं. म्हणून बंद पडलेली पण अंगावरचे सगळे दागिने शाबूत असलेली गाडी घ्या. छान चालते पण मागचा एक दिवा फुटलाय आणि पुढची काच तडकलीय, अशी गाडी स्वस्त वाटते आणि दोन वर्षं तुम्हाला फिरवते. मी एका मागच्या दिव्यासाठी कोल्हापूरपर्यंत जाऊन आलो. मिसळ चांगली मिळाली, दिवा डाव्याऐवजी उजव्या बाजूचा निघाला.

आधी कागद, मग गाडी

गाडी बघायला जाण्याआधी मालकाकडून आरसीचा फोटो मागा. मालक हयात आहे का, आरसी त्याच्याच नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का, हे बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकातली कर्जं फिटून वीस वर्षं झालेली असतात, पण बोजा कुणी उतरवलेलाच नसतो, आणि कर्ज देणारी संस्था कधीच बंद झालेली किंवा दुसरीत विलीन झालेली असते. तो बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो आणि त्यावर त्याच संस्थेची सही. ती विकणाऱ्याला आणायला लावा, तुम्ही आणू नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत. नोंद अजून जुन्या पुस्तकातच असेल तर ती संगणकावर चढवून घेणं हेही विकणाऱ्याच्याच गळ्यात घाला.

दिल्लीत १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीला बंदीची जी अडचण आहे, ती मुंबईत खासगी गाडीला नाही. इथे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, फॉर्म २५ भरून. शुल्क मात्र वाढलंय. २०२२ मध्ये कारसाठी ते ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० रुपये. सगळ्या कॉन्टेसा आता या दुसऱ्या गटात येतात. वर पर्यावरण कर. नोंदणी संपून बरीच वर्षं झाली असतील तर दंडही चढलेला असतो, तो भावातून कापा.

‘व्हिंटेज’ नोंदणीचं कुणी सांगेल. २०२१ च्या नियमांनुसार ती ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आणि तीही मूळ रूपात ठेवलेल्या. सर्वांत जुनी कॉन्टेसाही २०३४ पर्यंत त्यात बसत नाही. आणि त्या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही.

गाडीसमोर उभं राहिल्यावर पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर स्वतः वाचा. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासा आणि ठसा आरसीशी ताडून बघा. आकड्यांभोवती पत्रा घासलेला दिसला तर चहासुद्धा न पिता परत या.

गंज

इथे जरा थांबू. नव्वद टक्के लोक इथेच फसतात, मीही फसलो होतो.

कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्रा हीच तिची हाडं. दरवाज्यांखालून जाणारी जी पोकळ पेटी असते, म्हणजे सिल, ती कुजली तर गाडीचा कणाच गेला. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांना हीच पेटी सगळ्यात आवडते, कारण तिच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात.

फ्रिजवरचं एक साधं चुंबक फडक्यात गुंडाळून खिशात ठेवा. चाकांवरच्या कमानी, दरवाजांचा खालचा वीतभर भाग, डिकीचा तळ, पुढच्या काचेखालची पट्टी, बॅटरीची ताटली, अशा सगळ्या ठिकाणी लावा. चुंबक घसरलं तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, ओला धप्प आवाज आला तर खाली पापुद्रा आहे.

आता खरी परीक्षा. जॅक सिलच्या नेमलेल्या जागी लावून एक बाजू थोडी उचला आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून बंद करा. आधी नीट लागणारा दरवाजा आता अडकला, किंवा वरची फट वाढली, तर गाडी मधून वाकतेय. ती गाडी फुकट मिळाली तरी महाग.

मुंबईतल्या गाडीबद्दल आणखी एक प्रश्न विचारा: २६ जुलै २००५ ला ती कुठे होती? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कलिना, कुर्ला, मिठीकाठच्या पार्किंगमधल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. मालक विसरला असेल, गाडी विसरत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग दिसतो. दरवाजाचं आतलं पॅनेल काढू दिलं तर तळाशी वाळलेला गाळ सापडतो.

थोडा गंज तर असणारच. त्याचं काम कसं करून घ्यायचं? कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने लावायचा. साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. गॅस वेल्डिंगवाला अर्ध्या पैशांत करतो, पण त्या आचेने मोठा पत्रा लाटेसारखा वाकतो आणि मग तो सरळ दाखवायला पुट्टीचे थर येतात. जुन्या पत्र्यावरच वरून ठिगळ मारू देऊ नका. दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं आणि तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर टाकीच उतरवा. हे मिस्त्रीला माहीत असतं, तरी बोलून दाखवा.

आतून पोकळ भागात मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या आणि पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. ही भोकं बुजवणारे रंगारी मी पाहिलेत. ‘पाणी आत जाईल ना साहेब,’ असं एकाने मला समजावलं होतं.

कामाचं पंचांग

दसऱ्याला सुरुवात करा. मुहूर्त म्हणून नाही, हवा कोरडी व्हायला लागते म्हणून. मुंबईत मान्सून ११ जूनच्या आसपास येतो. त्याच्या आत रंग, काचांचे रबर आणि दरवाज्यांचं बीडिंग पूर्ण झालंच पाहिजे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्रेक आणि इंजिन चालू करणं, डिसेंबर-जानेवारीत पत्रा, फेब्रुवारीत रंग, मार्च-एप्रिलमध्ये वायरिंग, रबर, सीट. मे महिना उरलेल्या गोष्टींसाठी, आणि उरतं भरपूर. नाही जमलं तर पुढच्या दसऱ्यापर्यंत गाडी ताडपत्रीखाली नको, छपराखाली ठेवा. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि गाडी उघड्यावरच्यापेक्षा लवकर गंजते.

पैशांची वाटणी माझ्या मते अशी: गाडीच्या खरेदीनंतर हाताशी १०० रुपये असतील तर ३५ पत्र्याला, २० इंजिन-गिअरबॉक्सला, १५ ब्रेक-सस्पेन्शन-टायरला, १० रंगाला, ५ वायरिंगला. उरलेले १५ हातच लावायचे नाहीत. ते कशाला लागतील ते गाडी सांगेल. रंगाला फक्त १० का, असं विचाराल. कारण नवखे लोक तिथेच ४० घालतात.

ब्रेक आधी, इंजिन नंतर

सुरू झालेली गाडी थांबली नाही तर काय, हा प्रश्न इंजिन सुरू झाल्यावर कुणालाच सुचत नाही. म्हणून ब्रेक आधी. मास्टर सिलिंडर आणि चाकांतले सिलिंडर उघडून बघा. आत खड्डे पडलेले नसतील तर रबरचं किट पुरतं, खड्डे असतील तर नवेच घ्या. रबरी होज सगळे नवे, बाहेरून चांगले दिसले तरी. आतून सुजलेला होज ब्रेक लावू देतो, सोडू देत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे जुनं सगळं काढून टाका. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही नवी दिसो, दहा वर्षांपूर्वीचा टायर फेकायचाच.

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन चावी फिरवून सुरू करायचा मोह आवरा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. मग नवं ऑइल, नवा फिल्टर, आणि प्लग न लावताच ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. सुरू झालं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब तपासा. चारी सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असतील तर इंजिन उतरवू नका, मिस्त्री काहीही म्हणो. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं काम फक्त हेड काढून लेथवाल्याकडे होतं. रिंगांसाठी मात्र इंजिन उघडावं लागतं, आणि मग बोअरिंग, क्रँक, बेअरिंग अशी रांग लागते. म्हणून हा दोन मिनिटांचा फरक समजल्याशिवाय कुणाला ‘इंजिन करून टाक’ म्हणू नका.

पेट्रोलचं प्रकरण आता नवीन झालंय. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. ही गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या मनातही नव्हतं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि पाणी ओढतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचं किट बदला, आणि टाकी आतून स्वच्छ करून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल त्यात साचवून ठेवू नका. आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला की तिथल्या तिथे थांबा. जुन्या गाड्या पेटतात त्या बहुतेक अशाच एखाद्या चिरलेल्या पाइपमुळे आणि जवळच्या उघड्या वायरमुळे.

गरम होण्याचं बोलू. सायनच्या सिग्नलला मे महिन्यात उभं राहायचंय, हे लक्षात ठेवून रेडिएटर उघडून साफ करून घ्या, कोअर गेली असेल तर नवी बसवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप, काढून फेकणं हा आपल्या मिस्त्र्यांचा आवडता उपाय आहे. त्याने इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त पितं. थर्मोस्टॅट नवा लावा. वर एक विजेवर चालणारा पंखा लावलात तर तो सगळ्यात उपयोगी बदल ठरेल.

वायरिंग, रंग

वायरिंगमध्ये काळ्या टेपचे गोळे दिसले की समजा, प्रत्येक गोळ्यामागे एक मिस्त्री येऊन गेलाय. बजेट असेल तर हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा नवा, नसेल तर किमान बॉनेटखालचा भाग आणि सगळे अर्थिंगचे पट्टे. हेडलाइटला रिले लावा. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जातो आणि दिवा मिणमिणतो. थोड्याशा खर्चात रात्रीचा रस्ता दिसायला लागतो.

रंग रस्त्याकडेला करून घेऊ नका. दमट हवेत रंगावर पांढुरका धूर बसतो, आणि हल्लीचे दोन भागांचे रंग फुप्फुसांना घातक असतात, त्याला बंद बूथ आणि नीट मास्क हवा. मेटॅलिकच्या मागे न लागता सरळ एकरंगी घ्या. उद्या घासलं तर तेवढाच भाग जुळवता येतो. आरसीवरचाच रंग ठेवलात तर आरटीओची एक फेरी वाचते. बदललात तर नोंद करावीच लागते.

बदल करायचे, पण कुठवर

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा कुणी तुमच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं मोठं इंजिन बसवून देतो म्हणाला तर आरटीओच्या मंजुरीचं काय, ते त्याला आधी विचारा. अपघात झाला तर विमा कंपनीही पहिल्यांदा तेच बघेल. छप्पर कापणं, चाकं बाहेर काढणं, बंदुकीसारखा सायलेन्सर, यातलं काही नको.

जे करता येतं ते गाडी वापरू लागलात की कळतं: पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सगळे सस्पेन्शन बुश नवे, चांगले शॉकअप, मागच्या सीटलाही बेल्ट, फ्लोअरवर आवाज दाबणारं अस्तर. बुश आणि शॉकअप बदलल्यावर माझी गाडी पहिल्यांदा सरळ चालली, आणि इतकी वर्षं मी स्टीअरिंगला दोष देत होतो.

सामान शोधताना

कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि कपाडिया नगर जुन्या सामानासाठी, ऑपेरा हाऊसची दुकानं नव्या सुट्या भागांसाठी, आणि नशीब आजमावायचं असेल तर चोर बाजार. जुना भाग सोबत न्या, फोटो नको. ‘तोच आहे साहेब’ या वाक्यावर विश्वास ठेवून मी आजवर तीन वॉटर पंप घेतलेत. दुकानात ‘कॉन्टेसा’ असं न म्हणता ‘ॲम्बॅसेडर १८०० इसुझू’ म्हणा. माल तोच, भाव वेगळा निघतो.

काढलेला प्रत्येक बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. पिशव्या घरी ठेवा, गॅरेजात नाही. बायको कुरकुरेल, कुरकुरू दे.

पहिली फेरी

पीयूसी आणि विमा झाल्याशिवाय गेटबाहेर नाही. कार्ब्युरेटरच्या या गाड्यांना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. त्याच्या वर गेलं तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, कार्ब्युरेटर पुन्हा सेट करायला न्या. पहिल्या आठवड्यात फक्त कॉलनीभोवती. मग रविवारी पहाटे सहाला पूर्व द्रुतगती मार्गावर, सोबत पाणी, पाने, एक जास्तीचा फॅनबेल्ट आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर. प्रत्येक फेरीनंतर खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी कुठला थेंब कुठे पडला ते बघा. पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ऑइल बदला. खंडाळ्याचा घाट त्यानंतर.

जुलैत, पहिल्या मोठ्या पावसानंतर, चारी मॅट उचलून खाली हात फिरवा. माझ्या गाडीत डावीकडे पुढे ओल लागली होती. काचेचं रबर एका कोपऱ्यात बोटभर उचललं गेलं होतं.